आर्ची अजून हायस्कूलमध्येच का आहे? जुन्या टीनेज कॉमिक्सची आतली गोष्ट

आर्ची अँड्र्यूज हा टीनेज कॉमिक्सचा नायक पहिल्यांदा छापून आला तो अमेरिकेतल्या 'पेप कॉमिक्स'च्या २२ व्या अंकात, अंकावर तारीख डिसेंबर १९४१. तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. आज ऐंशीहून जास्त वर्षं झाली तरी रिव्हरडेल या त्याच्या काल्पनिक गावच्या हायस्कूलमधून तो काही पास होऊन बाहेर पडलेला नाही, दोन मुलींपैकी बेटी की व्हेरॉनिका हेही ठरलेलं नाही, आणि त्याचा मित्र जगहेड अजून बर्गर खातोय. ज्यांनी लहानपणी या गोष्टी वाचल्यात त्यांना हे इतकं सवयीचं झालंय की हा प्रश्नच पडत नाही, आणि ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांना वाटतं की काय तेच तेच चाललंय. माझं म्हणणं असं की हे 'तेच तेच' हाच त्या कॉमिक्सचा सगळ्यात हुशारीचा भाग आहे, त्यामागे धंद्याचं पक्कं गणित आहे आणि प्रचंड कष्टाची कलाकारी पण आहे, आणि ही कलाकारी करणाऱ्या लोकांची नावं फार कमी लोकांना माहीत आहेत म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगावंसं वाटतं.

आधी थोडं मागे जाऊ. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिघांनी मिळून एमएलजे नावाची कंपनी काढली, मॉरिस कोइन, लुई सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर, तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून एमएलजे. तो जमाना सुपरहिरोंचा होता. सुपरमॅन १९३८ मध्ये आला आणि नंतर जो तो अंगाला घट्ट बसणारा ड्रेस घातलेला हिरो काढायला लागला. एमएलजेकडे 'द शील्ड' होता, अमेरिकेच्या झेंड्याचा वेश केलेला, आणि तो कॅप्टन अमेरिकाच्याही आधीचा. आर्ची आला तो या शील्डच्या मासिकात, म्हणजे 'पेप'मध्ये, मागच्या पानांवर, चार-सहा पानं भरायला. त्या काळात मिकी रूनीचे अँडी हार्डीचे सिनेमे जोरात चालत होते, साध्या गावातला साधा मुलगा, घोळ घालतो, पोरींच्या मागे लागतो, शेवटी वडील समजावतात, तर तसलंच काहीतरी कॉमिकमध्ये करावं अशी ती कल्पना. कथा व्हिक ब्लूमची आणि चित्रं बॉब मॉन्टानाची. पहिल्या गोष्टीत शेजारी नवीन राहायला आलेल्या बेटी कूपरवर छाप पाडायला आर्ची सायकलवर कसरती करतो आणि अर्थातच धडपडतो, आणि त्याला 'आर्ची' हे नाव आवडत नसतं, मला 'चिक' म्हणा असं तो सांगत असतो. व्हेरॉनिका १९४२ मध्ये आली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आर्चीचं स्वतःचं मासिक निघालं, आणि १९४६ पर्यंत कंपनीने स्वतःचं नावच बदलून आर्ची कॉमिक पब्लिकेशन्स करून टाकलं. म्हणजे मागच्या पानांवरचं पोरगं मालकाच्या पाटीवर जाऊन बसलं आणि झेंडा गुंडाळलेला हिरो बाजूला पडला.

मॉन्टानाबद्दल थांबून सांगायला हवं. हा मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरहिल गावच्या हायस्कूलमध्ये शिकला होता, तिथली पोरं, मास्तर, वर्गातल्या भानगडी हे सगळं त्याच्या वह्यांमध्ये स्केच करून ठेवलेलं असायचं, आणि रिव्हरडेल हे त्यातूनच उभं राहिलं. आर्चीचा जन्मदाता कोण, गोल्डवॉटर की मॉन्टाना, यावर नंतर बरेच वाद झाले, पण मॉन्टानाची सुरुवातीची पानं बघितली की मला तरी शंका राहत नाही की त्या जगाला जीव त्याने दिला. १९४६ पासून तो वर्तमानपत्रासाठी आर्चीची रोजची पट्टी काढायचा आणि १९७५ मध्ये वारला तोपर्यंत काढत राहिला. चाळीसच्या दशकातला आर्ची आपल्या ओळखीच्या आर्चीपेक्षा जास्त वांड आहे, दात पुढे आलेले, आपटणं-फुटणं भरपूर, सगळ्या घराची वाट लागते.

आता हे त्याच काळात का चाललं? अमेरिकेत तीसच्या मंदीत पोरांना नोकऱ्याच नव्हत्या म्हणून ती शाळेत जास्त वर्षं टिकायला लागली, पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली एका इमारतीत, वर्षानुवर्षं, घरापासून वेगळं त्यांचं एक जग. मग युद्धामुळे कामं वाढली, पोरांच्या हातात थोडे पैसे खेळायला लागले आणि दुकानदारांच्या लक्षात आलं की हे एक वेगळं गिऱ्हाईक आहे. 'सेव्हन्टीन' हे मुलींचं मासिक १९४४ चं. त्याच वर्षी आज आपण ज्याला मार्व्हल म्हणतो त्या कंपनीने पॅट्सी वॉकर आणली, १९४५ मध्ये मिली द मॉडेल, आणि सुपरमॅनवाल्या डीसी कंपनीने रेडिओवरच्या 'ए डेट विथ ज्युडी'चं कॉमिक काढलं. युद्धानंतर सुपरहिरो धडाधड बंद पडत होते आणि ही टीनेज कॉमिक्स खपत होती, आणि मुली ती मोठ्या संख्येने वाचत होत्या ही गोष्ट कॉमिक्सच्या इतिहासात फार लोक विसरतात. आर्चीच्याच कंपनीची केटी कीन बघा, १९४५ मध्ये बिल वॉगनने काढलेली फॅशनवाली नायिका, तिचे कपडे वाचक डिझाइन करून पोस्टाने पाठवायचे आणि ज्या मुलीचं डिझाइन वापरलं तिचं नाव-गाव त्या चित्राशेजारी छापून यायचं. विचार करा, कुठल्यातरी खेड्यातली बारा वर्षांची मुलगी, आणि तिचं नाव देशभर जाणाऱ्या मासिकात.

बरं, आता या गोष्टींचं मशीन कसं चालतं ते.

आर्चीच्या गोष्टीत माणसं थोडी असतात आणि प्रत्येकाची हाव एकच असते, ती कधी बदलत नाही. आर्चीला डेट हवी असते आणि खिशात पैसे नसतात. व्हेरॉनिकाकडे पैसे आहेत आणि तिला सगळं स्वतःच्या मनासारखं हवं असतं. बेटीला आर्ची हवा असतो. रेजीला आर्चीची फजिती हवी असते. जगहेडला फक्त खायला हवं असतं आणि पोरींच्या भानगडीत पडायचं नसतं, त्यामुळे तो बाहेर उभा राहून बघू शकतो आणि सगळ्यात शहाणं वाक्य नेहमी त्याच्या वाट्याला येतं. मूस ताकदवान आणि त्याच्या मैत्रिणीशी, मिजशी, कोणी बोललं तरी हाणतो, डिल्टन हुशार, हेडमास्तर वेदरबी आणि ग्रंडी बाई शिस्तीच्या बाजूला, व्हेरॉनिकाचे वडील लॉज साहेब स्वतःच्या महागड्या फुलदाण्यांच्या काळजीत. आपल्या तमाशातल्या वगात सोंगाड्या, मावशी, राजा हे ठरलेले असतात, कोण आला की काय होणार ते प्रेक्षकाला आधीच माहीत असतं आणि मजा 'आज कसं होतंय' यात असते, इथे अगदी तसंच आहे. यातली कुठलीही दोन माणसं एका चौकटीत टाका, त्यांच्या इच्छा एकमेकांना धडकतात आणि गोष्ट सुरू होते, लेखकाला ओळख करून द्यायला एकही चौकट खर्चावी लागत नाही.

आणि इथेच आर्ची-बेटी-व्हेरॉनिका या प्रेमाच्या त्रिकोणाचं उत्तर आहे. आर्चीने बेटी निवडली तर व्हेरॉनिकाबरोबरच्या सगळ्या गोष्टी बंद, लॉज साहेब बंद, बटलर स्मिदर्स बंद, गरीब-श्रीमंतीवरचे विनोद बंद. व्हेरॉनिका निवडली तर बेटीची धडपड बंद. म्हणून दोन्ही मुली बरोबरीच्या हव्यात, आणि त्या एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी पण हव्यात, कारण नुसत्या वैरिणी असत्या तर गोष्ट कडवट झाली असती. मैत्री आणि स्पर्धा एकाच पानावर ठेवणं हे अवघड काम आहे हो, बाकीच्या कितीतरी टीनेज कॉमिक्सना ते जमलं नाही.

बहुतेक गोष्टी पाच-सहा पानांच्या. एक समजा घेऊ. पहिल्या पानावर वर मोठी चौकट, तिच्यात आर्ची आरशासमोर टाय बांधतोय आणि जगहेड पलंगावर लोळत सँडविच खातोय, आर्ची म्हणतो आज व्हेरॉनिकाबरोबर जायचंय. झालं, अडचणीचं बी इथेच पेरायचं, फोन वाजतो आणि बेटी आठवण करून देते की आज तिच्या घरी जेवायला यायचं कबूल केलंयस. दुसऱ्या पानावर आर्चीचा प्लॅन, दोन्हीकडे जायचं. तिसऱ्या-चौथ्या पानावर प्लॅन आधी जमतो आणि मग रेजीच्या कानावर पडतो, आणि प्रत्येक पान संपताना काहीतरी अर्धवट ठेवायचं म्हणजे वाचक उलटणारच. पाचव्या पानावर सगळं अंगावर कोसळतं. आणि शेवटच्या चौकटीत, मोठा घोळ संपल्यावर, अजून एक छोटा फटका, म्हणजे दोन्ही मुली मिळून सिनेमाला गेल्यात आणि बेटीच्या आईने केलेलं सगळं जेवण जगहेड एकटा चापतोय. आता बघा, शेवटी सगळे जिथून निघाले तिथेच परत आलेत. कोणी काही शिकलं नाही, कोणाचं काही कायमचं तुटलं नाही. पुढची गोष्ट लिहिणाऱ्याला पाटी कोरी मिळाली. असं महिन्याला कितीतरी वेळा करायचं, आणि प्रत्येक वेळी नवीन कारण शोधायचं, हे काम फ्रँक डॉयल नावाच्या माणसाने पन्नासच्या दशकापासून पुढे काही दशकं केलं आणि त्याच्या गोष्टींची संख्या हजारांत जाते. डॉयल आधी चित्रकार होता, त्यामुळे तो स्क्रिप्ट टाइप करून देण्याऐवजी पानंच कच्ची रेखाटून द्यायचा, कोण कुठे उभा, संवादाचा फुगा कुठे, आणि म्हणून त्याच्या गोष्टींत शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत.

चित्रांचं काय सांगू, इथे तर मी तासभर बोलू शकतो. हॅरी लुसीचा आर्ची बघा. लुसी चेहऱ्यावर कमी आणि अंगावर जास्त काम करायचा, आर्ची खूश असेल तर पायाच्या अंगठ्यापासून खूश, पाठीची कमान, कोपर बाहेर, गुडघे वाकलेले, आणि लाज वाटली तर अख्खा माणूस पायमोज्यासारखा गळून पडलेला. त्याच्या पानावरचे फुगे हाताने झाका, तरी काय चाललंय ते कळतं. सॅम श्वार्ट्झचा जगहेड याच्या उलट, सरळ काठीसारखा, डोळे मिटलेले, बाकी जग धावतंय आणि हा शांत, आणि मागे कोपऱ्यात काहीतरी दुसरीच गंमत चाललेली असते जिचा गोष्टीशी संबंध नसतो, ती शोधायला लागते. जगहेडची ती मुकुटासारखी टोपी आहे ना, ती खरी वस्तू होती, जुनी फेल्टची हॅट घ्यायची, कडा वर दुमडायची आणि कात्रीने दाते कापायचे, तीस-चाळीसच्या दशकात तिकडची पोरं आणि गॅरेजमध्ये काम करणारे लोक अशा टोप्या घालायचे. फॅशन गेली, टोपी राहिली.

आणि डॅन डीकार्लो. आपल्या डोक्यात बेटी-व्हेरॉनिकाचा जो चेहरा आहे तो त्याचा. मार्व्हलच्या आधीच्या अवतारात त्याने मिली द मॉडेल दहा वर्षं काढली होती, तिथून तो पन्नासच्या दशकाच्या शेवटी आर्चीकडे स्थिरावला आणि त्याची रेष इतकी स्वच्छ, इतकी गोड होती की कंपनीने हळूहळू सगळ्यांना तसंच काढायला लावलं. गंमत म्हणजे त्याच्या बेटी आणि व्हेरॉनिकाचा चेहरा जवळजवळ एकच, केस आणि कपडे बदलले की झालं, आणि मला वाटतं यामुळे तो त्रिकोण अजूनच पक्का होतो, आर्चीला निवडता येत नाही यात नवल ते काय. जॉर्ज ग्लॅडिर या लेखकाबरोबर त्याने १९६२ मध्ये सबरीना ही टीनेज चेटकीण आणली. जोसी त्याने स्वतःच्या बायकोवरून काढली, तिचं नावच जोसी. १९६३ मध्ये तिचं मासिक निघालं, १९६९ मध्ये त्याचं 'जोसी अँड द पुसीकॅट्स' झालं, आणि तो मांजरीचा वेश पण त्याच्या बायकोने एका क्रूझवर घातलेल्या पोशाखावरून आलेला.

पण याच माणसाच्या नशिबी जे आलं ते वाचून अजूनही वाईट वाटतं. तेव्हाच्या कॉमिक्समध्ये पैसे पानामागे मिळायचे, एकदा पान दिलं की हक्क कंपनीचे, आणि वर्षानुवर्षं गोष्टीवर लेखक-चित्रकाराचं नावसुद्धा नसायचं. जोसीवर सिनेमा येणार ठरल्यावर डीकार्लोने पात्रावर हक्क सांगून २००० मध्ये कोर्टात धाव घेतली, कंपनीने त्याचं काम बंद केलं, चाळीसएक वर्षांचं नातं संपलं, निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २००१ मध्ये तो गेला. कायद्याने काय बरोबर तो भाग वेगळा, पण ज्याच्या रेषेवर सगळं दुकान उभं राहिलं त्याचा शेवट असा व्हायला नको होता.

आता नियमांचा भाग, हा कळल्याशिवाय या गोष्टी इतक्या सोज्वळ का आहेत ते कळत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध मोठी ओरड झाली, फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असं मांडलं, सिनेटची चौकशी झाली, आणि घाबरून प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर सेन्सॉर बसवला, कॉमिक्स कोड. कव्हरवर त्याचा शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवायला कचरायचे. भयकथा गेल्या, गुन्हेगारीच्या गोष्टी मवाळ झाल्या, आईवडिलांबद्दल आदर दिसला पाहिजे, पोलीस-न्यायाधीश वगैरेंची अप्रतिष्ठा होता कामा नये, घटस्फोटाचा विनोद करायचा नाही, बायकांची चित्रं अवाजवी काढायची नाहीत, असे कलमांवर कलम. ज्या प्रकाशकांच्या संघटनेने हा कोड आणला तिचा अध्यक्ष बरीच वर्षं जॉन गोल्डवॉटर होता, हो, आर्चीवालाच. त्यामुळे बाकीच्यांचे धंदे बसले तेव्हा आर्चीला फारसं काही बदलावं लागलं नाही.

पण मग हेडमास्तरची टिंगल चालायची कशी? यात लेखकांची खरी कसोटी होती. वेदरबीवर रंगाचा डबा सांडतो, तो घसरतो, त्याचा विग उडतो, पण आर्चीने हे मुद्दाम कधीच केलेलं नसतं, तो मदत करायला गेलेला असतो. शेवटी शिक्षा आर्चीलाच होते. आणि दर काही गोष्टींनी एक अशी येते की वेदरबी आतून मऊ आहे, ग्रंडी बाईंना पोरांचा जीव आहे, हे दिसतं. नियम पाळूनही हसू आलं पाहिजे या अटीत त्यांनी जे काढलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. मात्र या सोज्वळपणावर तेव्हाही लोक टीका करत होते, 'मॅड' या विडंबनाच्या मासिकात हार्वी कर्ट्झमन आणि विल एल्डरने १९५४ मध्येच 'स्टार्ची' नावाचं जबरदस्त विडंबन केलं होतं, त्यात हीच पोरं गुंड झालेली.

आणि एक गोष्ट टाळता येणार नाही, हे रिव्हरडेल तीस वर्षं जवळजवळ पूर्ण गोरं होतं. चक क्लेटन हा काळा मुलगा नियमित पात्र म्हणून आला १९७१ मध्ये. जोसीच्या बँडमधली व्हॅलरी त्याच्या थोडी आधी. साठच्या दशकात नागरी हक्कांची एवढी मोठी चळवळ चालू असताना रिव्हरडेलच्या वर्गात त्याचा मागमूस नाही, आणि हे आज वाचताना खटकतं, खटकलंच पाहिजे.

खपाचा कळस साठच्या दशकाच्या शेवटी. १९६८ मध्ये टीव्हीवर कार्टून आलं, त्यातल्या बँडच्या नावावर 'शुगर, शुगर' हे गाणं १९६९ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर चार आठवडे होतं, आणि आर्चीच्या मुख्य मासिकाचा अंक सरासरी पाच लाखांच्या वर खपत होता. नंतर कोपऱ्याकोपऱ्यावरची मासिकांची दुकानं कमी झाली, सुपरहिरोंची कॉमिक्स खास कॉमिक्सच्या दुकानांकडे वळली आणि सामान्य गिऱ्हाइकापासून तुटली. आर्चीने १९७३ पासून डायजेस्ट काढले, छोटे, जाडजूड, आणि ते सुपरमार्केटच्या बिल काउंटरजवळ ठेवले, जिथे आई रांगेत उभी असते आणि पोर हट्ट करतं. डायजेस्टमध्ये बहुतेक माल जुना, पुन्हा छापलेला. आणि इथे सगळे धागे एकत्र येतात. गोष्ट सुटी आहे, कोणी मोठं होत नाही, त्रिकोण सुटत नाही, म्हणून १९५९ ची गोष्ट १९८५ च्या गोष्टीशेजारी बिनधास्त लावता येते. पानांचे पैसे एकदाच दिलेत. वाचक पोरं दर चार-पाच वर्षांनी बदलतात, नव्यांना सगळंच नवीन. आर्ची कॉलेजात गेला असता तर मागचा सगळा साठा शिळा झाला असता.

आपल्याकडे आर्ची पोचला तो मुख्यतः या डायजेस्टमधूनच. स्टेशनवरचे बुक स्टॉल, गल्लीतली भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी, फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग. मुंबई-पुण्याच्या कितीतरी मराठी पोरांनी प्रॉम म्हणजे काय, डिटेन्शन म्हणजे काय, मिल्कशेक एवढा उंच ग्लासात का येतो हे तिथे पाहिलं, आणि आपण वाचतोय ती गोष्ट आपल्या आईच्या शाळेच्या वयाची आहे हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. झोया अख्तरने २०२३ च्या सिनेमात रिव्हरडेल १९६४ सालच्या भारतातलं अँग्लो-इंडियन लोकांचं डोंगरातलं गाव केलं.

कंपनीने त्याला मोठं करून बघितलंच नाही असं नाही. २००९ मध्ये ६०० व्या अंकापासून आर्ची मेमरी लेन नावाच्या रस्त्यावर उलट्या दिशेने चालत जातो आणि त्याला भविष्य दिसतं, आधी व्हेरॉनिकाशी लग्न, मग दुसऱ्या वाटेने बेटीशी लग्न. म्हणजे तिथेही निवड केलीच नाही, दोन्ही करून ठेवलं. ही मोठ्या आर्चीची मालिका पुढे वेगळी चालली, त्यात नोकरी, कर्ज, आजार सगळं आलं, आणि २०१४ मध्ये तो आपल्या मित्राला, केव्हिन केलरला, वाचवताना गोळी लागून मरतो. दुसऱ्या मासिकांत त्याच महिन्यात तो शाळेत उशिरा पोचत होता.

हातात जुना डायजेस्ट आला तर कुठली गोष्ट कधीची ते ओळखायची खटपट जरूर करा, फार मजा येते. आर्ची भंगारातल्या डबडा गाडीत फिरतोय तर ती गोष्ट साधारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीची, नंतर त्याला मस्टँग गाडी मिळाली. मुलींच्या स्कर्टची लांबी बघा, फोनची वायर बघा, रेकॉर्ड प्लेयर आहे की कॅसेट ते बघा. मग चित्रकार ओळखा, अंगाची कमान दिसली तर लुसी, मिटल्या डोळ्यांचा काटकुळा जगहेड आणि मागे कोपऱ्यात भलतीच गंमत असेल तर श्वार्ट्झ, एका रेषेत काढल्यासारखी गोल हनुवटी आणि नीटस भुवई असेल तर डीकार्लो किंवा त्याच्यासारखं काढणारा कोणीतरी. जुन्या गोष्टींवर नाव छापलेलं नसतं, त्यामुळे ते आपल्यालाच वाचावं लागतं.